नव्या पेठेतला सातचा पाढा

माझ्या धाकट्या नणंदेला मी ‘अहो वन्सं’ म्हणायला लागले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिचं नाक बारा महिने वाहायचं. आता तुम्हीच सांगा, असल्या पोरीशी मान देऊन बोलायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण रीत म्हणजे रीत. मी नवी सून, ती नवऱ्याची बहीण. ‘अहो वन्सं, नाक पुसा.’ ‘अहो वन्सं, गटारीतनं बाहेर या.’ माझी आई पहिल्यांदा मला भेटायला मंगळवेढ्याहून आली, तेव्हा हे ऐकून पदर तोंडाला लावून हसत बसली होती.

गोष्ट सोलापुरातली, सत्तर सालानंतरची. आमचे हे आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोघंही गिरणीत कामाला. दिवसभर घरात सासूबाई, मी आणि शाळा सुटली की वन्सं. नव्या सुनेनं एकटीनं उंबरा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. सोबत पाहिजे. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून सोबत वन्संची. ती मला काय सांभाळणार होती देव जाणे, उलट रस्त्यात मीच तिचा दंड धरून चालायचे. पण तिच्यामुळंच मला नवी पेठ, म्हणजे सोलापूरचा बाजार, बघायला मिळाली. ती नसती तर माझं सोलापूर मोरीपासून चुलीपर्यंतच राहिलं असतं.

वन्सं चौथीत होत्या. एक दिवस शाळेतल्या बाईंनी मामंजींना बोलावून घेतलं. रात्री जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, “बाई म्हंत्यात, पोरगी मठ्ठ न्हाय. पण ध्यान न्हाय. फळा सोडून सगळीकडं बघती. आशीच राहिली तर चौथीतच बसंल.”

“मग?” सासूबाईंनी विचारलं.

“मग काय. बसली तर शाळा पुरे. नातेपुत्याला धाडू. थोरलीच्या पदरात आता दोन पोरं हायती, पाळणा हलवायला कोणतरी पायजेच की तिला.”

वन्संनी हे ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. त्यांच्या ताटाजवळून एक मुंगी भाताचं शीत ओढत चालली होती आणि वन्सं तिला वाट करून देत होत्या. मी मात्र ऐकलं आणि माझी तव्यावरची भाकरी करपली.

खरं सांगते, आधी मला माझीच काळजी वाटली. ही गेली की माझं बाहेर जाणं बंद. पण दुसरंही एक होतं. मला सातवीनंतर थोरल्या भावाची पोरं सांभाळायला घरी बसवलं होतं. शाळेच्या वेळेला गल्लीतनं पोरी दप्तरं घेऊन निघाल्या की मी पोराला कडेवर मारून मुद्दाम परड्यात जायचे, त्या दिसायला नकोत म्हणून. मला फार लागलं होतं ते. ह्या शेंबड्या पोरीच्या कडेवरही आता मूल बसणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. वन्संना नापास होऊ द्यायचं नाही, असं मी त्या करपलेल्या भाकरीपुढंच ठरवून टाकलं.

तोवर सासूबाईंचे उपाय सुरू झाले होते. डोक्याला ब्राह्मीचं तेल, इतकं की वन्संच्या कपाळावरनं ओघळ यायचे. गळ्यात काळा दोरा. शेजारणीनं सांगितलं म्हणून भिजवलेले बदाम. त्यातले निम्मे वन्संनी खारीला घातले, ते मीच पाहिलं आणि गप्प बसले. मग सासूबाई म्हणाल्या, हिला भिंतीकडं तोंड करून बसवा, म्हणजे बघायला काही राहायचंच नाही.

बसवलं. मी स्वतः पाट मांडून बसवलं. थोड्या वेळानं बघते तर पुस्तक मांडीवर आणि वन्सं भिंतीकडं टक लावून.

“काय चाललंय वन्सं?”

“वैनी, हितं चुना उडालाय न्हवं, त्यो उंट हाय. त्येला तीनच पाय हायती. चौथा कुटं गेला आसंल?”

मी कपाळावर हात मारून घेतला. पण वाकून बघितलं तर खरंच उंट होता. आणि मग काय सांगू, चौथा पाय शोधण्यात माझीही डाळ उतू गेली.

असे दिवस चालले होते. मी रोज अभ्यासाला घ्यायचे आणि रोज चिडायचे, आणि चिडलं तरी ‘अहो’ म्हणूनच चिडायचं, त्यामुळं अंगातला राग नीट बाहेरही पडायचा नाही. ‘अहो वन्सं, तुम्हाला काही कळतं का’ हे वाक्य किती रागानं म्हटलं तरी हळदीकुंकवाच्या बोलावण्यासारखंच लागतं.

एकदा सासूबाईंच्या साडीला फॉल आणायला आम्ही दोघी नव्या पेठेत निघालो. मी धुमसत होते, कारण सकाळीच सातच्या पाढ्यावर आमचं वाजलं होतं. वन्सं मात्र मजेत. हिच्या ओट्यावर चढ, तिच्या कट्ट्याला हात लाव, सायकलची घंटी वाजवून पळ. मी रागानंच विचारलं, “सात आठं किती वन्सं?”

“छप्पन्न,” मागं न बघताच त्या म्हणाल्या. “वैनी, त्या बाईच्या पिशवीतनं बगा, कोंबडीचं पाय वर आल्यात.”

मी भर रस्त्यात थांबले. मागचा सायकलवाला माझ्यावर खेकसून गेला. “सात नवं?” मी विचारलं. त्रेसष्ट. उलटा पाढा विचारला, तोही आला. मग मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, “आता हितं गप उभ्या राहून सांगा बघू.” उभ्या राहिल्या, समोरच्या सराफाची पाटी वाचली, वर तारेवरचा कावळा बघितला, आणि पाढा गेला कुठल्या कुठं. पुन्हा चालायला लागलो, पुन्हा आला. पाय चालले की डोकं जाग्यावर, पाय थांबले की डोकं गावभर, असला तो प्रकार होता.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात काय वाट्टेल ते संपायला लागलं. आज सुई हरवली, उद्या बटण तुटलं, परवा हळद संपली. सासूबाई म्हणाल्या, “एवडी हळद कोण खातंय गं ह्या घरात?” मी म्हटलं, “आत्याबाई, हवा दमट हाय, गोळे होत्यात.” सोलापूरची हवा आणि दमट. पण त्यांनी सोडून दिलं बहुतेक, किंवा गुडघ्याच्या दुखण्यात विसरल्या. आम्ही मात्र रोज पेठेत. जाताना पाढे, येताना कविता. बांगड्यांच्या दुकानांपाशी नद्या आणि कापडाच्या दुकानांपाशी दिशा. मधूनच वन्सं कोपरानं ढोसायच्या आणि काहीतरी दाखवायच्या, एक डोळा बंद करून झोपलेला दुकानदार, नाहीतर उलटी चप्पल घालून चाललेला म्हातारा. मी ओरडायचे, आणि ओरडत ओरडत बघायचे.

पण परीक्षा काही पेठेत होणार नव्हती. पेपर बसून लिहायचा. आणि बसलं की आमचं सगळं मुसळ केरात. शाळेत पोरी लांब तरटाच्या पट्टीवर मांडी घालून बसायच्या. वन्सं घरी पाटावर बसल्या की गुडघे हलायला लागायचे. सासूबाई लगेच म्हणायच्या, “पाय हलवू नगं, घरातली लक्ष्मी जाती.” शाळेत बाई पट्टी आपटायच्या. आणि मीसुद्धा, कुणी काही न सांगताच, इतके दिवस त्या गुडघ्यांवर हात दाबून धरत आले होते. पेठेतनं परतताना एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की त्या बिचारीला जेवढं चालता येत होतं तेवढंही आम्ही तिघी मिळून बंद करत होतो.

“वन्सं,” मी घरी आल्यावर हळूच म्हटलं, “पाय हलवू नका. नुसती बोटं हलवा. परकराच्या आत. कुणालाच दिसायचं न्हाय.”

“बोटांनी काय करू?”

“चाला की. आपल्या दारातनं निघा.”

त्यांनी पाटीवर भागाकार घेतला. मी धान्य निवडत बसले, पण सगळा जीव त्या परकराच्या काठाकडं. काठ जरा जरा हलत होता. बऱ्याच वेळानं वन्सं म्हणाल्या, “बांगडीवाल्यापात्तूर आले वैनी,” आणि पाटी माझ्याकडं सरकवली. भागाकार बरोबर होता. मी तो तीनदा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना.

आता बाईंना सांगायला हवं होतं. त्यासाठी मला शाळेत जायला हवं, आणि जायला सोबत हवी, म्हणजे वन्संच्याच रदबदलीसाठी वन्संनाच सोबत घेऊन मी निघाले. बाई उंच, चष्मा लावलेल्या. मी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हटलं, “बाई, मी ह्यांची वैनी. ह्यांना बसलं की सुचत नाही हो. ह्यांना जरा हिंडू दिलं तर…”

“ह्यांना म्हणजे कुणाला?” बाईंनी माझ्या मागं, दारापर्यंत बघितलं. कुणी पुरुष माणूस आलंय असं वाटलं असावं त्यांना. मी खाली, वन्संकडं बोट केलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसला. हसू आवरत होत्या हे मला कळलं.

पण बाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, “ही वर्गात हिंडली तर सगळा वर्ग हिंडेल, मग मी शिकवू कुणाला?” ते काही खोटं नव्हतं. मग विचार करून म्हणाल्या, “परकराच्या आत कोण काय हलवतंय ते मी बघणार नाही. आणि फळा पुसायचा, खडू आणायचे, पाण्याची कळशी भरायची, ही कामं उद्यापासून हिची.” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. वन्संना वाटलं आपणही पडायचं असतं, त्याही पडल्या.

परीक्षेच्या दिवशी माझा जीव टांगणीला. पोरगी घरी आली ती उड्या मारतच.

“कसा गेला पेपर?”

“दोनदा जाऊन आले वैनी, पार चौकापात्तूर.”

“आणि उत्तरं?”

“ती लिवली की वाटंत.”

निकाल मामंजींनी आणला. चपला काढता काढता म्हणाले, “वर घातली, पाचवीत.” बस, एवढंच. नातेपुत्याचा विषय त्यांनी काढला नाही, पुन्हा कधीच काढला नाही. सासूबाई म्हणाल्या, “मी म्हनलं न्हवतं, ब्राह्मीचा गुण येतुयाच.” मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे आमच्या ह्यांना सांगू नका.

जूनमध्ये वन्सं पाचवीला मोठ्या शाळेत गेल्या. तिथं इंग्रजी आलं, मैत्रिणी आल्या. शाळा लांब, वन्सं चालत जायच्या, त्यामुळं घरी येईपर्यंत निम्मा अभ्यास वाटेतच झालेला असायचा. उरलेला अंगणात येरझाऱ्या घालत. चौथीच्या बाईंचं नाव काढावं असा अभ्यास. मी म्हणायचे, “वन्सं, पेठेत जायचं का?” तर, “आज न्हाय वैनी, उद्या चाचणी हाय.” पुन्हा विचारलं तर पुन्हा काहीतरी. मी सुई हरवायचं सोडून दिलं.

एकदा खरोखरच फॉल हवा होता. सासूबाई म्हणाल्या, “सोबत कोण?” अंगणातून वन्संचा आवाज आला, “एकट्या जाऊ दे की आये. रस्ता पाठ हाय त्यांना. मला अभ्यास हाय.” सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. अभ्यास करणाऱ्या लेकीपुढं त्यांचं काही चाललं नाही. “जा,” म्हणाल्या, “बिगी बिगी ये.”

मी निघाले. पहिल्यांदा एकटी. गल्लीच्या तोंडापर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते माझे. पेठेत शिरले, दुकानात गेले, रंग जुळवला, फॉल घेतला, परत फिरले. चौकात आल्यावर वाटलं, एवढी काय घाई, जरा बघू तरी. थांबले. माणसं होती, दुकानं होती, रिक्षा होत्या. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. नुसती गर्दी. त्यातलं नेमकं काय बघायचं तेच मला कळेना. कोपरानं ढोसायला कुणी नव्हतं. मला एकदम रडू आलं, भर नव्या पेठेत, पिशवी छातीशी धरून.

घरी आले तर वन्सं अंगणात फेऱ्या मारत होत्या. “वैनी, काय काय बगितलं?”

“काय न्हाय,” मी म्हटलं. “फॉल आणला.”

“आसं कसं, काय न्हाय?”

मी मान खाली घालून पिशवीतला फॉल काढला. वन्सं थांबल्या. पुस्तक खाली गेलं. ती पोरगी माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तारेवर कावळा होता, शेजारी भांडण चाललं होतं, तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिचे पाय थांबले होते, बोटंही हलत नव्हती, आणि तिचं सगळं लक्ष माझ्याकडं होतं.

“वाचा वन्सं,” मी डोळे पुसून म्हटलं, “उद्या चाचणी हाय तुमची,” आणि फॉल ठेवायला आत गेले.