बोट रुततं तिथपर्यंत

"ज्या झाडाला नाव मिळालं, त्याचे दिवस भरले," व्हर्ना टोलेफसन एकदा म्हणाली होती. म्हणाली, आणि शांतपणे उकडलेलं अंडं सोलत बसली.

तिच्या बापाने याच डोंगरात करवत चालवली. तिने मात्र एकोणीस वसंत लोकांना रेडवुडच्या उंचच उंच झाडांच्या जुन्या जंगलातून फिरवलं. शिरण्याआधी ती प्रत्येकाला वाकायला लावी. पावलांनी दबलेल्या पायवाटेत बोट खुपसायला सांगे. ते रुतत नसे. मग हात लांबवून बाजूच्या पाचोळ्यात. तिथे बोट दोन पेरं आत जाई. या झाडांना खोल मुळं नसतात, ती म्हणे, यांचा सगळा जीव या वरच्या थरात. नवरीला फोटोसाठी नेच्यांत उभं करणाऱ्या एका नवरदेवाला तिने वरातीसकट परत धाडलं होतं.

एकदाच ती चुकली. अकरा वर्षांपूर्वी एका गोड बोलणाऱ्या मास्तराला तिने वाटेपासून दूरचं एक झाड दाखवलं. त्याने उंची मोजली, झाडाचं बारसं केलं, गावभर सांगितलं. तीन वसंतांत लोकांनी तिथले नेचे तुडवून संपवले. दरवर्षी ती तिथे जाऊन बोट टेकवते. रुतत नाही.

ओढ्यापलीकडे त्याहून जुनं एक झाड आहे. तिला ते दाखवणारे दोघे लाकूडतोडे केव्हाच वारले. वाट आता एकट्या व्हर्नाला ठाऊक.

ट्रिलियमची पांढरी फुलं गुलाबी पडू लागली होती, म्हणजे वसंत अर्धा सरला होता. उद्यानाचा नवा प्रमुख ड्वेन प्रुएट याने सगळ्या वाटाड्यांना कचेरीत बोलावलं. ओढ्यापलीकडचं ते झाड बघायला शनिवारी वर्तमानपत्राची माणसं येणार होती. त्याने टेबलावर नकाशा पसरला.

"व्हर्नाबाई, फक्त एक खूण करा. बाकी आम्ही बघतो."

"बघाल रे. बघायलाच तर जाल सगळे."

कोणीतरी खुदकन हसलं. ड्वेन हसला नाही. जंगल लोकांचं आहे, तो म्हणाला, तुमच्या एकटीचं नाही. आणि खूण करायची नसेल, तर बिल्ला ठेवा. शनिवारपासून फेऱ्या दुसरं कोणी नेईल.

उरलेल्या वसंतातल्या सहा फेऱ्या तिच्या नावावर होत्या. गुडघे पाहता पुढल्या वर्षीचा भरवसा तिला स्वतःलाही नव्हता.

"ड्वेन, तू कधी वाकलास का रे तिथे?"

त्याने नकाशा तिच्याकडे सरकवला.

व्हर्ना उठली. तिने बोट नकाशावर आणलं, ओढा ओलांडला. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. बोट थबकलं, मागे फिरलं, आणि मास्तराच्या त्या झाडावर, सगळ्यांना ठाऊक असलेल्या उघड्या जागी टेकलं. तिने ते जोर लावून दाबलं, नख पांढरं पडेपर्यंत.

मग कोटावरचा बिल्ला काढून तिने तिथेच ठेवला, खुर्चीवरची टोपी उचलली, आणि बाहेर पडली.