जुनी चेन आणा!

लाकूड कापायच्या मशिनचं दुकान असलं की दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा निदान गोणीत भरून परसात टाकता येतो. किस्से कुठे टाकणार? चार माणसं भेटली की काढायचे, दुसरं काय!

माझं दुकान नागावच्या रस्त्यावर. चेनसॉला आमच्याकडे सगळे 'कटर' म्हणतात. त्याचे पार्ट मी विकतो आणि मशिनं दुरुस्त करतो दत्ताराम. दुपारी जेवून मी लवंडलो की काउंटरवर माझी बायको सुमन. काउंटरच्या वर एक पाटी आहे, मीच रंगवलेली. 'जुनी चेन आणा. त्याशिवाय नवी मिळणार नाही.'

लोक पाटी वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "भाऊ, एक सोळा इंची द्या."

डोकंच फिरतं!

*

सगळ्यात पहिला नंबर नानांचा. नाना म्हणजे चौलला आमच्या घराशेजारी राहणारे. त्यांची सुपारीची वाडी आहे आणि वाडीत होमस्टे. त्यांनी कटर ऑनलाइन मागवला, माझ्याकडून नाही. वर चेन मात्र माझ्याकडे मागायला आले. खिशातून सुतळी काढली.

"घे, मापच आणलंय. बरोबर सोळा इंच."

"नाना, ही चेन ज्यावर फिरते त्या पट्टीची लांबी झाली. चेनच्या कड्यांमधलं अंतर किती? पट्टीच्या खाचेत फिरतात त्या खालच्या दातांची जाडी किती? आणि ते दात एकूण किती? सोळा इंचाला कुणाला छप्पन्न लागतात, कुणाला सत्तावन्न. एकाचा फरक पडला तर चेन एकतर चढत नाही, नाहीतर लोंबते."

"अरे, सोळा म्हणजे सोळा!"

"तुमचा पायजमा लांबीला बरोबर आला, म्हणजे कमरेला बसलाच का?"

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाली पायजम्याकडे, आणि सुतळी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी जुनी चेन घेऊन आले. बेल्ट लावून आले होते.

*

चेन मिळाली म्हणजे काम झालं, असं नानांना वाटलं. दत्ताराम म्हणाला, "मशीन आना, बशिवतो." नाना म्हणाले, "मी काय लहान आहे?"

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "तुझी चेन बोगस आहे! लाकूड कापतच नाही, नुसता धूर काढते!"

दत्तारामला स्कूटरवर मागे बसवून गेलो. वाडीत हा धूर! होमस्टेला उतरलेले पाहुणे खुर्च्या टाकून बसलेले, मोबाइलवर व्हिडिओ काढतायत. नाना घामाघूम. फांदीवर काळा पट्टा उठलेला, पण फांदी जागच्या जागी. मी वाकून बघितलं तर चेन उलटी! पट्टीच्या वरच्या बाजूला कापणाऱ्या दातांची तोंडं पुढं, टोकाकडे हवीत. नानांची सगळी मागं बघत होती.

मी बोलायला तोंड उघडलं तोच नानांनी माझा दंड धरून मला सुपारीआड ओढलं.

"हळू बोल रे! पाहुण्यांना मी सांगितलंय, डासांसाठी धुरी करतोय म्हणून."

संध्याकाळी एका पाहुणीनं विचारलं म्हणे, "काका, उद्या किती वाजता करणार?"

*

आमच्याकडचे दुसरे रत्न करीमभाई. हे मुरुडचे. झाडं तोडायची कंत्राटं घेतात आणि नानांच्या उलट, माणूस एकदम शिस्तीचा. पाटी वाचल्यापासून त्यांनी जुन्या चेनशिवाय कधी नवी मागितली नाही. फक्त दरवेळी मुरुडहून यायचं कशाला, म्हणून जुनी चेन कागदात गुंडाळून एस. टी.च्या कंडक्टरकडे द्यायचे. मी नागावला उतरवून घ्यायचो, मोजायचो आणि परतीच्या गाडीनं नवी पाठवायचो.

एकदा पुडकं सोडलं, तर आत सुके बोंबील!

मी करीमभाईंना फोन लावला, लागला नाही. मला वाटलं, भल्या माणसानं प्रेमानं पाठवलेत. सुमननं रात्री कांदा घालून केले. काय झाले होते!

सकाळी दुकान उघडतोय तर एक बाई दारात उभ्या. हातात पुडकं. आवाज असा की रस्त्यापलीकडची माणसं बाहेर आली.

"माज्या आयनं मुरुडवरना बोंबील धाडलं, त्यात ह्यो लोखंडाचा हार निंगला! माजं बोंबील खय?"

सुमन आतून म्हणाली, "अहो, सांगा ना, मोजून घेतले म्हणून!"

*

सुमन माझ्यापेक्षा कडक आहे. एकदा दुपारी बंगलेवाले साहेब आले. मुंबईचे, शनिवार-रविवार येणारे. जुनी चेन नव्हती, मोबाइल पुढे केला.

"मॅडम, फोटो आहे ना!"

"मग चेनपण फोटोलाच बसवायची का?"

साहेब रागावून गेले आणि घरून त्यांनी फोन केला. "मोजले. अठ्ठावीस दात आहेत. पाठवा."

सुमननं एका सेकंदात ओळखलं, साहेबांनी वरचे कापणारे दात मोजलेत, मोजायचे ते खालचे राहिलेच. म्हणाली, "साहेब, पाठवते. पण ती मशिनला नाही बसणार, गळ्यात घालावी लागेल."

तिसऱ्या दिवशी साहेब जुनी चेन घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडे आले की पाटीकडे बघून आधी नमस्कार करतात.

*

आता पाटी का लावली, तेही सांगतो. हा किस्सा नाही.

मोठं वादळ झालं त्या वर्षीची गोष्ट. गावोगाव झाडं आडवी, दुकानापुढे रांग. मोजायला वेळ कुणाला होता? 'अठरा इंची' म्हटलं की मी खोक्यातून चेन काढून द्यायचो. फांद्या तोडायला निघालेल्या दत्तारामलाही एक अशीच दिली. तो म्हणाला, "भाऊ, जरा लांब वाटते." मी म्हणालो, "चालेल रे, ताण शेवटपर्यंत!"

चालली नाही. भर फांदीत पट्टीवरून उडाली. दत्तारामच्या डाव्या हाताची करंगळी वरच्या पेरातून गेली.

आठवड्यानं तो कामावर आला तेव्हा पाटी लागलेली होती. त्यानं वाचली आणि पाना उचलला. त्यानंतर कित्येक वर्षं त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्याची ती करंगळी दिसली की मी अजून हातातली चेन पुन्हा एकदा मोजतो.

असो.

*

शेवटचा सांगतो. गेल्याच महिन्यातला.

आमची मयुरी पहिल्या बाळंतपणाला चौलला आलेली. दुपारी कळा सुरू झाल्या. मी दुकानात. सुमन आणि जावई तिला गाडीत घालून अलिबागला निघाले. नानांच्या वाडीच्या पुढे आले तर रस्त्यावर आंब्याचं झाड आडवं! वाऱ्याचं एवढंसं निमित्त, आतून वाळवीनं खाल्लेलं. आमचे जावई न्हावा शेव्याचे, ट्रेलरच्या धंद्यातले. समोर झाड पडलंय तरी हॉर्न देत होते!

हॉर्न ऐकून नाना धावले, कटर घेऊन. त्या दिवशी करीमभाईही नानांच्या वाडीतल्या कामाचा अंदाज घ्यायला आलेले. त्यांचं स्वतःचं मशीन माझ्या दुकानात, दत्तारामपुढे खोलून पडलेलं. नानांनी घाईघाईत कटर बुंध्याला लावला आणि खाडकन चेन तुटली. आत खिळा! आणि खिळा कुणाचा? नानांचाच. होमस्टेची पाटी त्यांनी त्याच झाडाला ठोकली होती.

मला नानांचा फोन आला. "भाऊ, चेन पाठव! सोळा इंची!"

"खालचे दात किती?"

"अरे, मयुरी गाडीत आहे! तिला कळा येतायत!"

समोर खोक्यात छप्पन्नची होती, सत्तावन्नचीपण होती. नानांना मागे कुठली दिली होती ते डोक्यातून पार गेलेलं. वाटलं, उचलावी एक आणि द्यावी धाडून. समोर दत्ताराम स्कूटरची चावी घेऊन उभा. मला दिसत होती फक्त त्याची करंगळी.

"नाना, मोजा!" मी ओरडलो.

तुटलेली चेन रस्त्यावर पसरून मोजणी सुरू झाली. नाना म्हणाले, "सत्तावन्न!" मागून करीमभाई, "खुदाकसम छप्पन्न हाय!" पुन्हा मोजली. नाना अठ्ठावन्नवर गेले!

मग सुमनचा आवाज आला. "सरका दोघं." तिनं कपाळावरची टिकली काढून पहिल्या दाताला चिकटवली आणि मोठ्यानं मोजायला लागली. तेरापर्यंत गेली आणि गाडीतून मयुरी किंचाळली, "आई गं!" सुमन म्हणाली, "आले, आले, थांब! चौदा, पंधरा..." चाळिसाच्या पुढे जावई, नाना, करीमभाई, रस्त्यात अडकलेले दोन टेम्पोवाले, सगळे एका सुरात मोजत होते. फोनवर मीपण मोजत होतो.

"छप्पन्न!"

मी छप्पन्नची दत्तारामच्या हातात दिली. तो स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, "भाऊ, दोन्ही दिल्या असत्या तं मोजायचं काय काम व्हतं?"

तो गेला.

त्यानं चेन बसवली, दातांची तोंडं पुढं आहेत ते बघितलं, ताण बघायला चिमटीत धरून ओढली आणि सोडली. मशीन घ्यायला नाना पुढे झाले, तर सगळे एकदम ओरडले, "नको!" करीमभाईंनी खिळा टाळून बुंधा कापला, टेम्पोवाल्यांनी ओंडके ढकलले आणि गाडी सुटली. मयुरीला अलिबागला पोचून अर्धा तास झाला नाही तोच मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम बघायला आला. ग्रीस निघावं म्हणून दोनदा साबण लावून हात धुतले. तरी बाळाला घेईना. म्हणाला, "माझे हात राकट हायत." सुमननं सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

मग त्यानं तिची एक मूठ हलकेच उघडली आणि ओठातल्या ओठात मोजायला लागला. ती झाली की दुसरी. शेवटच्या करंगळीवर त्याची ती अर्धी करंगळी टेकली, आणि त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"धाच्या धा हायत, भाऊ. द्येव मोजून देतो. तुमच्यासारखा न्हाय!"