मानेचं माप

ऑर्विल टेगार्डनचा हात थरथरतो, हे खरं आहे. कॉफी पिताना थरथरतो. लेथवर रायफलची नळी चढवली की थांबतो. पेनसिल्वेनियाच्या या डोंगरांत चाळीस वर्षं तो नळीच्या बुडाशी चेंबर कोरतो आहे. काडतूस बसतं ती जागा. आमच्या नेमबाजी क्लबातल्या निम्म्या रायफली त्याच्या हातच्या. तरीही डग प्रुइटच्या नव्या रायफलचा बोल्ट, काडतूस आत ढकलणारी खीळ, उघडेना, गोळ्या भलतीकडे जाऊ लागल्या आणि तो ओरडला, "म्हाताऱ्यानं चेंबर बिघडवलंय!" कमिटीनं त्याच दुपारी कारागिरांच्या फळ्यावरून ऑर्विलचं नाव पुसलं. त्या फळ्यावर नाव नाही, त्याला या खोऱ्यात काम नाही.

कुणी माप घेतलं नाही. इंचाचा हजारावा भाग मोजण्यात ज्यांचा अर्धा जन्म गेला, त्यांनी!

पुढच्या शनिवारी ऑर्विल मैदानावर आला. प्रुइटच्या टेबलावरची झाडलेल्या काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी त्यानं उचलली आणि तिच्या मानेत, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडात, कोरी गोळी घालून पाहिली. गेली नाही.

"तरी म्हटलं," तो पुटपुटला. "झाडल्यावर मान फुलते, गोळी सहज आत पडायला हवी. हिला फुलायला जागाच नव्हती. माना तासल्या होत्यास?"

"तासायच्या कशाला? महागातल्या पुंगळ्या आहेत, आजोबा."

"नेम अचूक लागावा म्हणून चेंबर मुद्दाम घट्ट कोरलंय, तासून पातळ केलेल्या मानांसाठी. तूच मागितलंस. मानेचं माप नळीवर ठोकलंय. वाच."

प्रुइटनं वाकून वाचलं. मग हसला. "असं होय! ठोकलंय खरं. मिटलं मग."

मिटलं! मी या क्लबात निशाणांची छिद्रं मोजते, बावीस वर्षं. इतका स्वस्त शब्द तिथे कधी ऐकला नव्हता.

ऑर्विल मात्र खाली बसला आणि प्रुइटच्या पंधरा पुंगळ्यांच्या माना तासू लागला. पितळेचा बारीक कीस त्याच्या मांडीवर पडत होता.

"अरे, त्याचं काम कशाला करतोस?" मी म्हटलं.

"नळी माझी आहे, विल्मा. तिनं काय गुन्हा केलाय?"

प्रुइटनं तिथेच बंदुकीची दारू मोजून काडतुसं भरली. पाच गोळ्या, एकच फाटकं छिद्र. टाळ्या पडल्या. प्रुइटला.

"ऑर्विलच्या नावाचं काय?" मी कमिटीच्या अध्यक्षाला, क्लाइड वेंगरला, विचारलं.

"ऑक्टोबरच्या बैठकीत घेऊ, विल्मा. पद्धत असते."

"पुसताना कुठली पद्धत होती?"

"आता तू तमाशा करू नकोस."

मी मोजपट्टी त्याच्यासमोर ठेवली. "मग आजची निशाणं तूच मोज. सदतीस आहेत. भांडणंही तूच मिटव."

क्लाइडनं निशाणांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग रांगेत उभ्या नेमबाजांकडे. खडू शोधायला त्याला बराच वेळ लागला. त्यानं नाव सगळ्यांच्या खाली लिहिलं, तेही बारीक अक्षरात.

"मोठं लिही," मी म्हटलं.

ऑर्विल तोवर घरी निघून गेला होता. माफी मागायला त्याच्यामागे कुणी गेलं नाही.