नवं पेट्रोल आणि मिस्त्रीचं मनगट

मिस्त्रीला विचाराल तर जगातली निम्मी दुखणी नव्या पेट्रोलनं आणली. सरकारनं पेट्रोलमधलं शिसं काढलं आणि इंजिनांची रयाच गेली, असं तो येईल त्या टॅक्सीवाल्याला ऐकवायचा. त्यात थोडं तथ्यही होतं. शिशाविना जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह लवकर झिजत, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची फट वरचेवर तपासावी लागे. पण मिस्त्रीला ते आयतं निमित्त सापडलं होतं. गाडी पुन्हा बिघडून आली की पेट्रोलच्या नावानं बोटं मोडायची आणि मोकळं व्हायचं.

जुन्या पेट्रोलनं तो उभी हयात जेवणाआधी हात धूत आला होता. टाकी रिकामी करायची तर नळी तोंडात धरून ओढायचा, थुंकायचा आणि कामाला लागायचा. आता पोटात कळा येत, झोप लागत नसे, उजवं मनगट ओल्या फडक्यासारखं लोंबे. डॉक्टर म्हणाले, शिसं अंगात मुरलंय. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "थकवा आहे म्हणाले." ती काय समजायचं ते समजली. वाद घालायला तीही दमलीच होती.

एका दुपारी मेहुण्याची टॅक्सी पुन्हा खडखडत गॅरेजच्या दारात आली.

"भावोजी, काढून टाकतो ही," मेहुणा म्हणाला. "तुम्हीच म्हणता ना, हे पेट्रोल इंजिन खाणार. संध्याकाळी भंगारवाला येतोय. मग चालवीन कुणाची तरी गाडी, पगारावर."

"बघू तर दे," मिस्त्री सवयीनं म्हणाला.

त्यानं इंजिनाचं झाकण काढलं. टॅपेट धरून ठेवणारा नट नुसत्या बोटानं फिरला. शेजारचाही फिरला. मागच्या खेपेला हे त्यानंच आवळले होते, दातओठ खाऊन. पेट्रोलचा इथे काडीचाही संबंध नव्हता.

गप्प बसणं सोपं होतं. गाडी भंगारात गेली असती आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. शिवाय हा बायकोचा भाऊ, त्याला गंडवायला फार अक्कलही लागत नसे. पण मिस्त्रीला आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"पेट्रोलनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "नट ढिले राहिलेत. माझ्या हातून. हातात जोरच उरला नाही."

मिस्त्रीनं फट मापून पाना मेहुण्याच्या हाती दिला. "आवळ. अजून. बास."

इंजिन सुरू झालं. खडखड थांबली होती. मेहुण्याला आनंद झाला, पण तो दाखवायची त्याला लाज वाटली. स्टीअरिंगवर हात ठेवून त्यानं विचारलं, "भावोजी, मग बाकीच्यांच्या गाड्या?"

मिस्त्री गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"टॅक्सी स्टँडवर घे," तो म्हणाला. "सगळे तिथंच असतील. एकेकाला सांगत बसायची ताकद नाही माझ्यात. एकदाच सांगतो."