धंदेशिक्षणाचं पत्र

चूक माझीच. इंग्रजी पत्र बाबांना मराठीतून वाचून दाखवताना मी ‘धंदेशिक्षण’ हा शब्द वापरला, आणि बाबांच्या हातातला घास परत ताटात गेला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी बी.कॉम. झाले होते आणि मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. इंग्लंडात जाऊन व्यापाराचं शिक्षण घ्यायचं होतं, कुठं ते माझं मी ठरवायचं. दोन ठिकाणांहून पत्रं आली. एक साधंसं कॉलेज होतं. आठवड्यातले तीन दिवस वर्ग, दोन दिवस खऱ्याखुऱ्या दुकानात नाहीतर कचेरीत काम. दुसरं मोठं, जुनं विद्यापीठ. तिथं संशोधन करायचं, आणि त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता: आपल्याला कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे?

मला कॉलेजच हवं होतं. माझ्या डोक्यात प्रश्नबिश्न काही नव्हता. नागपूरच्या इतवारी बाजारात स्वतःचं कापडाचं दुकान टाकावं आणि गल्ल्यावर आपण बसावं, एवढंच होतं. महिन्याभरात उत्तर धाडायचं होतं. बाबांच्या होकाराशिवाय मी कुठंही जाणार नव्हते.

बाबा मिलमध्ये मागावर होते. छप्पन साली पांढरे कपडे घालून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला माणूस, शिक्षणाचं नाव काढलं की ताठ बसायचा. त्या दिवशी मात्र कॉलेजचं पत्र ऐकून म्हणाले, “धंदा शिकाले विलायतेले काहून जातं वं? माहा आजा मेलेली ढोरं ओढे. तो त्याचा धंदा. मी शाळेत गेलो तं मास्तर म्हणे, तुमच्या धंद्याले अक्षरं कायले पाह्यजे? अन् आता सरकारच्या पैशानं तू धंदा शिकाले जाऊन राहिली.”

मला राग आला. तसा तो मला लवकरच येतो. म्हटलं, हा तो धंदा नाही, बाबा, हा व्यापार, शेटलोक करतात तो.

“मंग शेटची पोरं कुठं शिकतात?”

शेटची पोरं कुठंच शिकायला जात नव्हती, बापाच्या गादीवर बसत होती.

चार दिवस अबोला चालला. मी चार हात अंतरावर बसलेली असताना बाबा आईला सांगायचे, तिले म्हण, दार लाव. आई वैतागली. “एका माळेचे मणी तुम्ही दोघं,” म्हणाली, आणि दार तिनंच लावलं.

पाचव्या दिवशी सुट्टी होती. बाबा अंगणात सायकलला तेल देत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो दुसरा कागद वाच.”

मी विद्यापीठाचा फॉर्म वाचायला घेतला. प्रश्नाच्या रकान्यापाशी आले तसा त्यांचा हात थांबला.

“म्हणजे ते तुले पुसतात? तुहा प्रश्न काय म्हणून?”

“हो.”

“अन् तुह्यापाशी नाई.”

“नाही.”

“माह्यापाशी आहे,” बाबा म्हणाले. “बावीस वर्सं मी कापड विणून राहिलो. ते इतवारीत इकाले जाते. त्याचा भाव कोण ठरवते, मले कोणी सांगितलं नाई. मले कोणी पुसलंबी नाई. ते पाहून ये.”

मला रडू आलं. बाबांसाठी आलं, आणि आपलं कॉलेज गेलं हे कळलं म्हणूनही आलं. त्यांचं ते वाक्य मी त्याच दिवशी इंग्रजीत रकान्यात लिहिलं. कॉलेजला नकाराचं पत्र मात्र दोनदा लिहून फाडलं, तिसऱ्यांदा टपालपेटीत टाकलं.

विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शकांना प्रश्न आवडला. पण फार मोठा आहे, म्हणाले, लहान करा. मी लहान केला. मग आणखी लहान. भांडायला हवं होतं तिथं मी भांडले नाही, मी, जी घरात मिठावरून भांडायची. तीन वर्षांनी प्रबंध झाला तो दुकानांनी काचेमागे माल कसा मांडावा, यावर. एकाही दुकानात मी एक दिवस काम केलं नव्हतं.

नागपूरला परत आले. आईनं वडाभात केला होता. जेवायला बसल्यावर बाबांनी विचारलं, “मंग? भाव कोण ठरवते?”

“ते माझ्या विषयात बसलं नाही, बाबा.”

त्यांनी घास कालवला, खाल्ला, पाणी प्याले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“असू दे,” म्हणाले. “मिलमधे सारे रोज पुसतात मले, पोरीले उत्तर भेटलं का म्हणून. उद्या सांगतो, अजून शोधून राहिली.”