खुब्यातला गोळा

मी सांगलीत एका प्रयोगशाळेत माती भाजतो. म्हणजे आमचे आबा, माझे वडील, माझ्या कामाचं असंच वर्णन करायचे. ते फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरजवळच्या गावी ऊस बघत होते. पोरगं फौजेत जायचं सोडून भट्टीपुढं बसलं, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

माझी माती म्हणजे सिरॅमिकची पांढरी भुकटी. ती दाबायची, भाजून तिची वडी करायची आणि मग ती वडी मोडायची, एवढाच माझा धंदा. भाजताना भुकटीचे कण एकमेकांना चिकटतात आणि दोन कण भेटतात तिथं शिवण पडते. तडा बऱ्याचदा या शिवणीनंच पळतो. कण बारीक असले की शिवणी वाढतात, तड्याला पावलोपावली वळावं लागतं आणि वडी मजबूत होते. म्हणून मी वर्षानुवर्षं कण बारीक करत राहिलो. पण फारच बारीक केले की सगळं उलटतं. वडीत शिवणींचाच भरणा होतो आणि ताण आला की कण एकमेकांवरून घसरायला लागतात. माझ्या सगळ्यात बारीक कणांच्या वड्यांनीच मला सगळ्यात जास्त रडवलं.

आबांचा खुबा झिजला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गोळा धातूचा बसवायचा की सिरॅमिकचा? घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बारीक कणांचं सिरॅमिक सहसा झिजत नाही, हे मी ठामपणे सांगितलं. ते मोडतं तेव्हा आधी वाकत नाही, सूचना देत नाही, हे मला कुणी विचारलं नाही. मला मात्र ते रोज दिसत होतं.

ऑपरेशन झालं, काही महिन्यांत काठी सुटली. मग एकदा पायरी चढताना आबांच्या खुब्यातून चिर्र असा आवाज आला.

"तुजी माती बोलाय लागली रं," आबा हसत म्हणाले.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, कधीकधी येतो असा आवाज, काळजी करू नका. काळजी न करायला मला त्या गोळ्याच्या आतल्या शिवणी माहीत नसायला हव्या होत्या. त्यानंतर गावी गेलो की मी आबांच्या चालण्याकडं कान लावून बसायचो.

औंधला एका लग्नात ते पंगतीत मांडी घालून बसले. डॉक्टरांनी नेमकं तेच बंद केलं होतं. मी पानावरून उठलो आणि म्हणालो, "आबा, खुर्चीवर बसा."

"खुर्चीवर जेवाय मी काय बँकेत हाय व्हय?"

पंगत हसली. मी हसलो नाही. माझं तोंड बघून आबा भिंतीला धरून उठले. पुढं त्यांनी लग्नांना जाणंच कमी केलं.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी चहा घेतानाच ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. तिसऱ्या दिवशी राख सावडताना चुलत्यांच्या हाताला काहीतरी लागलं. धातूच्या दांड्यावर बसलेला गोळा होता. पाणी घातल्यावर पांढरा स्वच्छ निघाला. भट्टीत याहून कितीतरी जास्त आच सोसून आलेला, त्याला सरणाचं काय! सवयीनं मी तो उन्हात धरून फिरवून पाहिला. डोळ्याला तडा तर सोडाच, ओरखडाही दिसला नाही.

"लय पक्का निगाला," चुलते म्हणाले.

मला त्या गोळ्याचा राग आला. अस्थी कृष्णेत सोडल्या. तो सोडवेना, म्हणून रुमालात बांधून घरी आणला.

आईनं तो ओळखला नाही. काय आहे ते सांगितल्यावर तिनं तो ओंजळीत घेतला.

"छातीत कळ यायची त्यास्नी," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं. मी म्हनलं, पोराला फोन करूया. तर म्हनले, नगं. त्याला त्या गोळ्याचाच लय घोर हाय, त्यात आनि ह्ये कशाला."