दातात धरलेली सुतळी

आमच्या घरी कामगार संघटनेची पत्रकं वाटायच्या आधी मोठ्यानं वाचली जात. बाबा म्हणायचे, जे घरात वाचून दाखवता येत नाही ते चौकात वाटू नये. सातवीतच मला किमान वेतन, आठ तास, समान काम सगळं पाठ होतं. ऐकायला आई असायची, भाकर पाण्यात भिजवून एकाच बाजूनं हळूहळू चावत. त्या भाकरीबद्दल एकाही पत्रकात ओळ नव्हती. मीही कधी विचारलं नाही.

आई दिग्रसला धान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवते. एका हातात दाभण, दुसऱ्यात पोत्याची कड, म्हणून सुतळी दातात. गाठ दातांनीच ओढायची, सुतळी दातांनीच तोडायची. सोयाबीन संपलं की तूर. तिचा जबडा कानाजवळ कटकट वाजायचा. सगळ्यांनी दोष दाढेला दिला. चांगली दाढ उपटून झाली, दुखणं तिथंच राहिलं. मुकादम म्हणायचा, "हात चालते ना मावशी? मंग?" घरचंही म्हणणं वेगळं नव्हतं. स्वयंपाक होत होता, म्हणजे आजार नव्हता.

गेल्या हिवाळ्यात तिला जांभईही पुरती देता येईना. मी भांडूनच तिला यवतमाळला नेलं. डॉक्टर मॅडम प्रश्न तिला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते: राबवणूक, मुकादम, वर्षानुवर्षं. आई मात्र म्हणे, "नाई जी, तसं काई नाई. चालते."

"नुसता वाजतो म्हणून उपचार लागतातच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "दुखतं किती, तोंड उघडतं किती, जेवण-झोप बिघडली का, यावर ते ठरतं. आणि हे यांनीच सांगायला हवं."

मी पुन्हा सुरू झाले. आईनं माझ्या मांडीवर चापट मारली.

"तू गप बस. सभा नोय हे. जबडा माहा हाये."

एरवी उघड्या तोंडात तीन बोटं मावतात, असं मॅडमनी सांगितल्यावर तिनं आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहिली. एकच गेलं, दुसरं अडकलं. "चार वर्सं झाले मॅडम," ती म्हणाली, "भिजवल्याबिगर भाकर खाल्ली नाई. सकाळी उठलं का कानशील ठणकते. झोप लागत नाई." हे मी तिच्या शेजारी राहून पहिल्यांदा ऐकत होते.

ऑपरेशनची गरज नव्हती. गरम पाण्याचा शेक, जबड्याचे व्यायाम, मऊ जेवण. आणि दातात काही धरायचं नाही.

सोमवारी मी गोदामात डबा घेऊन गेले, तेव्हा आईनं सुतळी दातात धरायला नकार दिला होता आणि मुकादम हसत होता. "आता राणीसाहेबासाठी कात्री आणू का?"

"एक नाई, आठ आणा," आई म्हणाली. "आमी आठजणी हावो. अन् सुतळी धराले एक माणूस द्या."

"ट्रक उभा हाये, मावशी!"

"उभा राहू द्या. त्याचा जबडा नाई दुखत."

शेजारच्या बाईनं दातातली सुतळी काढून मांडीवर ठेवली. मग तिच्या पलीकडचीनं. पोत्यांची तोंडं उघडीच होती.